मेसेज माझ्या नंबरवर येतो

पिकअप बचत गटाच्या कर्जातली, म्हणून कागद माझ्या नावावर.
घरात मालक ते, कागदावर मालक मी,
म्हणून दंडही आधी मलाच कळतो.
(आमच्या कोल्हापुराकडं बायकाही 'मी वाचतो', 'मी येतो' असंच बोलतात.
दंड वाचताना तर ते फारच शोभतं.)

लग्नाला सोळा वर्षं झाली,
मालकांनी मला एक ओळ लिहिली नाही.
आता सरकार लिहितं.
फुलेवाडी नाका, सकाळी सहा बावीस,
मर्यादा चाळीस, वेग एकाहत्तर, रुपये दोन हजार.
मी तव्यापुढं वाचतो आणि मनात म्हणतो,
म्हणजे आज कळ्याच्या स्टँडवर चहा घेतला नाही.
बालिंगा पूल, सहा अठरा:
म्हणजे सांगरूळला कॅन उशिरा भरले,
फॅट लावणारं पोरगं पुन्हा झोपलं असणार.

"दूध थांबत नाही," ते म्हणतात.
"सातला गेट बंद. नासलं तर भरणार कोण, तू?"
भरतो मीच.
दोन हजार म्हणजे किती लिटर, बोटांवर मोजतो,
म्हशीचं वेगळं, गाईचं वेगळं,
तोवर भाकरी करपते.
धाकटी विचारते, मर्यादा म्हणजे काय गं?
पाटीवर लिहिलेलं असतं ते.
मग बाबांना वाचता येत नाही?
मी तिला पाणी आणायला पाठवलं.

मार्चमध्ये एक आला, भलताच.
केर्ली फाटा. दुपारी दोन अकरा. वेग ब्याण्णव.
केर्ली आमच्या वाटेवर नाही.
केर्लीला आमचं कोणी नाही.
दुपारी दूध नसतं.
संध्याकाळपर्यंत तो मेसेज उघडला, मिटला, उघडला.
मनात यायचं ते सगळं येऊन गेलं,
तिचं नावसुद्धा ठरवून टाकलं मी.

रात्री ताटावर बसल्यावर विचारलं.
घास तसाच हातात.
"जोतिबाला नारळ द्यायला गेलतो.
उतारावर एक पोरगं पडलं होतं,
गाडी एकीकडं, ते एकीकडं. उडवणारा पळाला.
कॅन सरकवले, निजवलं, सीपीआरला आणलं."
मग?
"मग काय. उतरवलं. सांजचं दूध होतं."
नाव विचारलं नाही.
जगलं का, तेही नाही.
त्या रात्री हौदा दोनदा धुतलेला मला आठवला.

मी काही बोललो नाही.
मोबाइल घेतला, दंडाचा फोटो उघडला,
दोन बोटांनी मोठा केला.
नंबरप्लेट. काच. काचेमागं नुसता काळोख, त्यात मालक असावेत.
मला ते बघायचे नव्हते.
बंपर बघितला. डावा दिवा. उजवा दिवा. जाळी.
सगळं अख्खं.
मग वाढली दुसरी भाकरी.

मी काय बघितलं, ते त्यांनी बघितलं.
भांडून गप्प बसलोय आम्ही पुष्कळदा,
पण हे गप्प बसणं वेगळं होतं.

गटातल्या हौसाक्काचा पोरगा म्हणाला,
काकी, तक्रार टाकू की,
कारण लिहायला जागा असते, माफ होईल एखादवेळ.
मालकांनी मान हलवली. मी नको म्हटलं.
ब्याण्णव ते ब्याण्णव.
केर्लीपासून दवाखान्यापर्यंत
कडेकडेनं किती जणींची पोरं चालत होती,
ते काही फोटोत येत नाही.
रेडकू विकल्याचे पैसे होते, त्यातले भरले.

तेव्हापासून ते वीस मिनिटं आधी निघतात.
गजर मी लावतो.
कळ्याच्या स्टँडवर चहा होतो का, माहीत नाही,
आता मला कोण कळवणार?
एप्रिल गेला, मे गेला, एक मेसेज नाही.
लोक म्हणतात, उसाच्या ट्रॉलीनं खांब वाकवला,
बालिंग्याचा कॅमेरा कधीचा बंद आहे.

मी अजून बघायला गेलो नाही.